टू-इन-वन लॅपटॉप घेताय? आधी तो पालथा करून बघा

मी गणिताच्या ऑनलाईन शिकवण्या घेते, त्यामुळे स्क्रीनवर पेनाने लिहिता येईल आणि बाकी वेळ नेहमीचा लॅपटॉप म्हणून वापरता येईल असं काहीतरी हवं होतं. पहिला टू-इन-वन, म्हणजे मागे दुमडून किंवा कीबोर्ड काढून टॅबलेटसारखा वापरता येणारा लॅपटॉप, घेतला तो आकडे बघून. प्रोसेसर चांगला, रॅम भरपूर, स्क्रीन झकास. दुकानात तो उघडा मांडून ठेवलेला होता, मी दोन-चार बटणं दाबली, बोटांनी एक फोटो लहान-मोठा करून बघितला, आणि खूश होऊन बिल केलं. घरी आणल्यावर चौथ्या दिवशी पहिल्यांदा तो पूर्ण मागे दुमडून हातात घेतला तेव्हा एकेक कळायला लागलं: अंगठा जिथे येतो बरोब्बर तिथेच पॉवरचं बटण, पंख्याची गरम हवा थेट तळहातावर, आणि हळू रेघ ओढली की ती नागमोडी. लॅपटॉप म्हणून त्यात काहीच खोट नव्हती हो. पण नुसता लॅपटॉपच हवा असता तर मी साधा नसता का घेतला!

तेव्हापासून कोणी विचारलं की मी एकच सांगते, जास्तीचे पैसे आणि जास्तीचं वजन तुम्ही फक्त दुमडण्यासाठी मोजताय, तर परीक्षासुद्धा दुमडलेल्या अवस्थेतच घ्या. दुसरा घेताना मी तसंच केलं. तो अजून वापरतेय आणि हा लेखही त्यावरच लिहितेय. खालच्या पायऱ्या त्याच क्रमाने आहेत, कारण पहिल्या दोन-तीन पायऱ्यांतच बरेच पर्याय गळतात आणि पुढचा वेळ वाचतो.

जाताना सोबत काय न्यायचं

- एक पट्टी. हो, शाळेतली साधी पट्टी. कशासाठी ते पेनाच्या पायरीत येईल.
- तुम्ही रोज वापरता ती एखादी पीडीएफ आणि एक मोठी एक्सेल फाईल, पेनड्राइव्हवर
- फोन, टायमर लावायला आणि फोटो काढायला
- तुमच्याकडे असलेला टाईप-सी चार्जर
- वही-पेन (दुकानातले आकडे घरी येईपर्यंत डोक्यात राहत नाहीत)

आणि विकत घेताना हे कागद हातात घ्या: सीरियल नंबर लिहिलेलं बिल, वॉरंटीचे नियम, परत करण्याची मुदत किती दिवस ते लेखी स्वरूपात, आणि पेन सोबत येतंय की वेगळं घ्यायचंय ते बिलावर स्पष्ट. पेनाचा हा मुद्दा क्षुल्लक वाटतो पण जाहिरातीच्या फोटोत पेन असतं आणि खोक्यात नसतं, हे नेहमीचंच आहे.

१. आधी स्वतःचा एक आठवडा लिहून काढा

मशीन बघायच्या आधी हे करा. सात दिवस, लॅपटॉप किंवा फोन हातात घेतला की काय केलं आणि कुठे बसून केलं एवढंच लिहायचं. माझ्या यादीत निघालं: टेबलापाशी टायपिंग, टेबलापाशी पेनाने गणितं सोडवणं, खुर्चीत रेलून पीडीएफ वाचणं, आणि काम करता करता समोर व्हिडिओ लावून ठेवणं. झोपून वाचणं फोनवरच होत होतं आणि पुढेही तसंच राहिलं.

आता या यादीत पेनाचं काम, उभ्या पानाचं वाचन किंवा कीबोर्ड वाटेतून बाजूला हवा असं काम आठवड्यातून तीन-चारदा तरी येतंय का बघा. नसेल येत तर मी सरळ सांगेन, साधा लॅपटॉप घ्या, त्याच पैशात बरा प्रोसेसर आणि हलकं मशीन मिळेल. "कधीतरी चित्रं काढेन" हे यादीत धरायचं नाही. माझ्या भाच्याने त्याच एका वाक्यावर टू-इन-वन घेतला, त्याचं पेन अजून प्लास्टिकमध्ये आहे.

२. जात ओळखा

टचस्क्रीन लॅपटॉप म्हणजे टू-इन-वन नव्हे, हा पहिला घोळ. नुसत्या टचस्क्रीनचा लॅपटॉप मागे दुमडत नाही, आणि त्यावर बोट चाललं म्हणजे पेन चालेलच असंही नाही.

दुमडणाऱ्यांत आज मुख्य दोन प्रकार. एक ३६० अंशात फिरणाऱ्या बिजागरीचा, लेनोव्होच्या योगामुळे २०१२ पासून लोकांना माहीत झालेला. कीबोर्ड मागे जातो पण सुटत नाही. दुसरा सुटणाऱ्या कीबोर्डचा, मायक्रोसॉफ्टच्या सरफेस प्रोसारखा, ज्यात सगळं मशीन स्क्रीनच्या मागेच असतं आणि कीबोर्ड म्हणजे एक कव्हर. जुन्या बाजारात तिसरा पण दिसतो, मधल्या एकाच खांबावर स्क्रीन गर्रकन फिरवून पालथी घालायची तो, थिंकपॅड एक्स२३० टॅबलेटसारखा. तो आता छंदवाल्यांसाठीच.

निवड कशी करायची? मांडीवर ठेवून टायपिंग करत असाल तर ३६०वालाच. सुटणाऱ्या प्रकारात मागे एक स्टँड उघडतो, त्याची कड मांडीत रुतते आणि पाय जरा हलवला की सगळं डोलतं. उलट हातात धरून वाचायचं-लिहायचं जास्त असेल तर सुटणारा, कारण कीबोर्ड काढला की वजन खरंच कमी होतं. दोन्ही हवं असेल तर… दोन्ही मिळत नाही, कशावर तरी पाणी सोडा.

३. वजन हातात घेऊन, घड्याळ लावून

१३-१४ इंची ३६०वाले साधारण १.३ ते १.५ किलोचे असतात, १६ इंची दोन किलोच्या आसपास जातात. पाठीवरच्या बॅगेत दीड किलो म्हणजे काहीच नाही. पण तेच दीड किलो एका हातात धरून दुसऱ्या हाताने लिहायचं म्हटलं की वेगळीच गोष्ट आहे, नुसता टॅबलेट साधारण अर्धा किलोचा असतो हे लक्षात घ्या.

म्हणून पूर्ण दुमडा, डाव्या हातावर घ्या (डावखुरे असाल तर उजव्या), फोनवर १० मिनिटांचा टायमर लावा आणि तुमची पीडीएफ वाचत उभे राहा. दुकानातला माणूस बघेल, बघू दे. मला पहिल्या मशीनवर चौथ्या मिनिटाला मनगट जाणवायला लागलं असतं, मी तेव्हा हे केलंच नव्हतं. १६ इंची तर हातात धरायचा विचारच सोडा, तो टेबलावर आडवा ठेवून लिहायला मात्र मस्त असतो.

याच वेळी मागच्या बाजूला बोटं कुठे टेकतायत बघा. ३६०वाल्यात ती कीबोर्डच्या बटणांवर टेकतात. बटणं दाबली जाऊन काही होत नाही, मशीन ती बंद करतं, पण तो स्पर्श काहींना अजिबात सहन होत नाही. मला आठवडाभर विचित्र वाटलं, मग सवय झाली.

४. बिजागरी

लॅपटॉप उघडा ठेवून स्क्रीनवर बोटाने टकटक करा, जसं तुम्ही एखादं बटण दाबाल तसं. स्क्रीन थोडी डुलेलच, पण किती वेळ डुलते ते बघा. टच केल्यावर स्क्रीन सेकंदभर हलत असेल तर उघड्या अवस्थेत टच वापरणं तुम्ही आपोआप सोडून द्याल.

मग तंबू करा, म्हणजे उलटा व्ही. वरून हलका दाब द्या. पाय फाकून मशीन हळूहळू सपाट होत असेल तर बिजागरी सैल आहे. नव्यात असं दिसलं तर दुसरा पीस मागा, शोरूममधला शेकडो हातांनी उघडझाप केलेला असतो, त्यामुळे तेवढ्यावरून मॉडेल रद्द करू नका. तंबूत मशीन टेबलाला टेकतं त्या कडांना रबर आहे का हेही बघा, नाहीतर कड झिजते आणि गुळगुळीत टेबलावर घसरत राहतं.

५. पालथा केल्यावर सॉफ्टवेअर काय करतं

हळूहळू मागे न्या. साधारण सपाट कोनाच्या पुढे गेलं की कीबोर्ड आणि टचपॅड बंद व्हायला हवेत. दुमडलेल्या अवस्थेत मागची बटणं मुद्दाम दाबून खात्री करा. परत उघडा, लगेच चालू होतात का? पाच-सहा वेळा करा, कारण हा बिघाड दरवेळी येत नाही, मधूनच येतो. मीटिंगच्या मधोमध कीबोर्ड मेला की काय धावपळ होते ते मला विचारा, शेवटी मशीन पूर्ण मागे दुमडून परत उघडल्यावर तो जागा झाला, आणि तोवर समोरची मुलं माझ्या हालचाली बघत बसली होती.

स्क्रीन उभी-आडवी आपोआप फिरते का, किती वेळ लावते, तेही बघा. विंडोज ११मध्ये, म्हणजे २०२१ पासून, वेगळा टॅबलेट मोडचा स्विच नाहीये, दुमडलं की आपोआप बदलतं. आणि स्क्रीन फिरणं लॉक करायचं बटण लॅपटॉप अवस्थेत फिकट दिसतं, दाबलं जात नाही. तो बिघाड नाही, दुमडल्यावरच ते जागं होतं. नवखे लोक इथेच घाबरतात.

स्क्रीनवरचा कीबोर्ड: एखाद्या शोधाच्या चौकटीत बोट लावा, तो आपोआप वर येतो का? नसेल येत तर सेटिंग्जमध्ये टाईम अँड लँग्वेज, मग टायपिंग, त्यात टच कीबोर्ड, तिथे चालू करता येतो. त्यात तुमच्या भाषेची मांडणी टाकून एक परिच्छेद लिहून बघा. मराठी टाईप करणाऱ्यांनी तर नक्कीच, फिजिकल कीबोर्डवर चालणारी तुमची नेहमीची पद्धत इथे मिळेलच असं नाही.

आणि बटणं! पॉवर आणि आवाजाची बटणं कडेला असतील तर दुमडून, आडवं आणि उभं, दोन्ही पद्धतीने धरून बघा. माझ्या पहिल्या मशीनवर उभं धरलं की दर दहा मिनिटांनी स्क्रीन बंद. पॉवर बटण दाबल्यावर काहीच होऊ नये असं सेटिंग करता येतं, मी शेवटी तेच केलं.

६. पेन. इथे घाई नको

आधी भाषा समजून घ्या, पेनाची भाषा. सगळी पेनं सगळ्या स्क्रीनवर चालत नाहीत. वाकॉम नावाच्या कंपनीची ईएमआर पद्धत आहे, त्यात पेनाला बॅटरीच लागत नाही. वाकॉमचीच एईएस आहे, त्यात लागते. मायक्रोसॉफ्टची एमपीपी आहे, जी मूळ एन-ट्रिग नावाच्या कंपनीची, बरीच विंडोज मशीनं हीच वापरतात. क्रोमबुकवर, म्हणजे गूगलच्या क्रोमओएसवर चालणाऱ्या लॅपटॉपवर, बहुतेक यूएसआय. ही एकमेकांत चालत नाहीत. काही पेनं एईएस आणि एमपीपी दोन्ही बोलतात, पण ते खोक्यावर लिहिलेलं असेल तरच धरा. ॲपलची पेन्सिल यातल्या कशावरच चालत नाही. आणि एकाच नावाच्या मशीनमध्येही भाषा बदलते, सरफेस प्रो २पर्यंत वाकॉम होतं आणि २०१४च्या प्रो ३पासून एन-ट्रिग, म्हणून जुन्यात "सरफेसचं पेन" एवढंच बघून घेतलेलं पेन मेलेलं निघू शकतं. मॉडेलची पेन पद्धत कुठली हे वहीत लिहा, पुढे पेन हरवेल तेव्हा हीच ओळ कामाला येते.

आता पट्टी काढा. चित्र काढायचं कुठलंही ॲप उघडा, स्क्रीनवर पट्टी तिरकी ठेवा आणि पेनाने अगदी हळू रेघ ओढा, जणू तुम्हाला काही घाईच नाही. पट्टी सरळ आहे, हात पट्टीला टेकलेला आहे, तरी रेघ सापासारखी येत असेल तर दोष पेन-स्क्रीनच्या जोडीत आहे. याला जिटर म्हणतात. काचेखाली सेन्सरच्या तारांची जाळी असते आणि दोन तारांच्या मधली जागा ओळखताना काही मशीनं चुकतात, म्हणून आडव्या-उभ्या रेघा ठीक येतात आणि तिरकी डुगडुगते. जोरात ओढली की लपून जातं. दुकानात सगळे जोरात सही करून बघतात, त्यामुळे कुणाला दिसत नाही.

देवनागरीत लिहिणाऱ्यांसाठी माझी अजून एक कसोटी आहे. एक लांबलचक शब्द लिहा आणि मग वर शिरोरेषा सावकाश ओढा. मग अनुस्वार, खूप अनुस्वार: अंगण, पंख, चिंच, उंदीर. अनुस्वार आपण लिहितो ते जवळजवळ न दाबता, नुसतं टोक टेकवून, आणि ज्या पेनाला उमटायला जास्त दाब लागतो ते बरोब्बर हेच टिंब गिळतं. "४०९६ प्रेशर लेव्हल" असं लिहिलेलं असतं त्याचा याच्याशी काही संबंध नाही, ते दाबाच्या पायऱ्यांबद्दल आहे, सुरुवात किती दाबावर होते हे त्यात येत नाही. माझ्या पहिल्या मशीनने अनुस्वाराच्या जागी दशांश चिन्ह गिळलं. मी फळ्यावर ३.५ लिहिलं, माझ्या हाताला टेकल्यासारखं वाटलं, मुलांच्या वहीत ३५ गेलं, आणि पुढची सगळी उदाहरणं चुकली. पाऊण तास. तेव्हापासून मी पन्नास टिंबं काढते आणि मोजते. ४८ आली तरी मी ते मशीन घेत नाही.

तळहात: हात पूर्ण टेकवून लिहा, हवेत धरून नाही. पेन काचेजवळ आलं की मशीन बोटांकडे दुर्लक्ष करायला लागतं, पण आपण बऱ्याचदा आधी हात टेकवतो आणि मग पेन आणतो, त्या अर्ध्या क्षणात पान सरकतं किंवा एखादा ठिपका पडतो. थोडं चालेल. लिहिण्याच्या ॲपमध्ये बोटाने लिहिणं बंद करायचा पर्याय असतो, तो लावला की निम्मा त्रास जातो.

अजून दोन गोष्टी, पटकन. टोक आणि शाई यांच्यात अंतर दिसतंय का, विशेषतः कोपऱ्यांत. आणि पेन ठेवायची जागा: मशीनच्या आत खाच असेल तर पेन बारीक आणि लिहायला जरा अडचणीचं, पण हरवत नाही. कडेला चुंबकाने चिकटणारं लिहायला छान, आणि बॅगेत हमखास सुटतं.

गुळगुळीत काचेवर पेन घसरतं वाटलं तर खडबडीत फिल्म लावता येते. निब, म्हणजे पेनाचं टोक, लवकर झिजते मग, सुट्या निब मिळतात का बघून ठेवा.

७. स्क्रीन

आकारापेक्षा लांबी-रुंदीचं प्रमाण बघा. ए-फोर कागद २१ बाय २९.७ सेंटिमीटर. १३.५ इंची ३:२ स्क्रीन उभी धरली की साधारण १९ बाय २८.५ भरते, म्हणजे पान जवळजवळ खऱ्या मापात. १४ इंची १६:१० म्हणजे १८.८ बाय ३०, चालतं. १४ इंची १६:९ मात्र १७.४ बाय ३१, उभं धरलं की पट्टीसारखं निमुळतं, पीडीएफची अक्षरं बारीक होतात आणि खाली जागा रिकामी. फक्त व्हिडिओ बघायचे असतील तर १६:९ उत्तम.

टचस्क्रीन बहुतेक चकचकीत काचेची असते. खिडकीकडे पाठ करून बसा आणि काळं पान उघडा, स्वतःचा चेहरा दिसेल, किती दिसतो ते ठरवा. ब्राईटनेस ३०० निट्सच्या (उजळपणाचं माप) खाली असेल तर उजेडात त्रास होईल, ४००च्या पुढे बरं. ओलेड, म्हणजे जिचा प्रत्येक ठिपका स्वतःच उजळतो ती स्क्रीन, सुंदर दिसते, पण एकाच जागी तासन्‌तास राहणारी चित्रं, टास्कबार वगैरे, कालांतराने पुसट ठसा सोडू शकतात. टास्कबार लपवून ठेवा.

८. बॅटरी, झोप आणि गरम होणं

"१५ तास" वगैरे विसरा आणि बॅटरीचा वॉट-अवरचा आकडा शोधा, म्हणजे तिच्यात किती वीज मावते तो. गणित सोपं आहे: समजा ५५ वॉट-अवर आहे आणि हलक्या कामाला सरासरी ८ वॉट लागतात, तर सात तासांच्या आसपास. व्हिडिओ कॉल, पेन आणि स्क्रीन पूर्ण उजळ असं करून तेच १५ वॉट झालं की पावणेचार तासांच्याही आत. माझी शिकवणी दुसऱ्या प्रकारातली, म्हणून मी त्यानेच मोजते.

झोपेचं प्रकरण जरा चीड आणणारं आहे. आजकालची बरीच विंडोज मशीनं झाकण मिटलं की पूर्ण झोपत नाहीत, फोनसारखी अर्धवट जागी राहतात. कधीकधी बॅगेत जागी होऊन तापतात आणि बॅटरी संपवून बसतात. घरी आणल्यावर रात्री टक्केवारी लिहा, झाकण मिटा, सकाळी परत बघा. दोन-चार टक्के गेले तर ठीक, वीसेक टक्के गेले तर झाकण मिटल्यावर हायबरनेट व्हावं, म्हणजे उघडं काम साठवून मशीन पूर्ण बंद व्हावं, असं सेटिंग करा. उघडायला काही सेकंद जास्त लागतात, पण ते परवडतात.

गरम होणं तपासताना हवेच्या जाळ्या कुठे आहेत बघा. बऱ्याच मशीनमध्ये त्या बिजागरीपाशी आणि तळाला असतात, त्यामुळे पूर्ण दुमडून मांडीवर ठेवलं की कोंडतात. तंबूत उलट हवा छान खेळते. लांब कॉल असला की मी तंबूच करते.

९. आतलं सामान

हे सगळीकडे लिहिलेलं असतं म्हणून थोडक्यात. रॅम बहुतेक टू-इन-वनमध्ये बोर्डालाच चिकटवलेली असते, नंतर वाढत नाही, तेव्हा १६ जीबी आत्ताच घ्या. फाईली साठवायची एसएसडी बऱ्याचदा बदलता येते, पण आखूड मापाची असू शकते, आधी विचारा. टाईप-सी दोन्ही बाजूंना असेल तर दुमडल्यावर वायर वाटेत येत नाही. तुमचा टाईप-सी चार्जर लावून बघा, बहुतेकांना ४५ किंवा ६५ वॉट लागतात, फोनचा छोटा चार्जर नाहीच पुरत.

स्नॅपड्रॅगन प्रोसेसरवाली (फोनच्या जातीचा, इंटेल-एएमडीचा नव्हे) मशीनं बॅटरीला चांगली आहेत, पण तुमचा जुना प्रिंटर, ऑफिसचा व्हीपीएन किंवा एखादं खास सॉफ्टवेअर तिथे अडू शकतं. त्यांची नावं वहीत लिहा आणि एकेक तपासा. लिनक्सवाले पेनड्राइव्हवरून लाइव्ह चालवून स्क्रीन फिरणं, पेन आणि दुमडल्यावर कीबोर्ड बंद होणं या तीनच गोष्टी आधी बघा, बाकी बहुतेक चालतं.

१०. जुना घेत असाल तर

वरचं सगळं, अधिक हे:

- चित्राच्या ॲपमध्ये बोटाने आणि मग पेनाने पूर्ण स्क्रीन कडेपासून कडेपर्यंत रेघांनी भरा. कुठे रेघ तुटली तर तिथे टच मेलाय. बोट न लावता आपोआप ठिपके पडत असतील तर उठा आणि निघा.
- कमांड प्रॉम्प्टमध्ये इंग्रजी अक्षरांत पॉवरसीएफजी, एक स्पेस, तिरकी रेघ आणि लगेच बॅटरीरिपोर्ट असं टाका (powercfg /batteryreport). एक फाईल तयार होते, तिच्यात बॅटरीची मूळ क्षमता आणि आत्ताची पूर्ण क्षमता शेजारीशेजारी दिसते. ८० टक्क्यांच्या खाली असेल तर किंमत पाडून मागा.
- स्क्रीन मिटवून बाजूने बघा. मधे फट किंवा टचपॅड वर आलेलं दिसलं तर बॅटरी फुगलेली असू शकते. नकोच.
- विंडोज १०चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. इंटेलचा प्रोसेसर आठव्या पिढीच्या आधीचा असेल तर विंडोज ११ सहसा अधिकृतपणे चढत नाही.
- बायोसला (विंडोजच्याही आधी सुरू होणारं मशीनचं सॉफ्टवेअर) पासवर्ड आहे का, आधीच्या कंपनीचं खातं अडकलंय का, समोरच सुरू करून बघा.

११. घरी आणल्यावर, परत करायची मुदत संपेपर्यंत

खोकं, थर्माकोल, प्लास्टिक काहीही टाकू नका. स्क्रीनला फिल्म लगेच लावू नका, आधी पट्टीची आणि टिंबांची कसोटी घरच्या पीसवर परत घ्या, दुकानातला वेगळा होता. सगळे अपडेट टाका, पेनाचे बिघाड कधीकधी फर्मवेअरच्या, म्हणजे मशीनच्या आतल्या सॉफ्टवेअरच्या, अपडेटने सुटतात, आणि अपडेटनंतर कसोटी तिसऱ्यांदा.

मग एक चिठ्ठी मशीनशेजारी ठेवा आणि जेव्हा जेव्हा दुमडाल तेव्हा एक रेघ मारा, बाजूला एक शब्द: लिहिणं, वाचणं, व्हिडिओ. मुद्दाम दुमडायचं नाही, कामाला लागेल तेव्हाच. माझ्या दुसऱ्या मशीनच्या पहिल्या दहा दिवसांत २३ रेघा झाल्या, त्यातल्या १६ "लिहिणं". तुमच्या पाचसुद्धा झाल्या नाहीत तर मुदत संपायच्या दोन दिवस आधी निर्णय घ्या, शेवटच्या दिवशी नको, पाठवण्यात एक दिवस जातोच. खात्यातून बाहेर पडा, फाईली काढून घ्या, मशीन रीसेट करा, सीरियल नंबरचा आणि चारी बाजूंचा फोटो काढा. आणि पेन खाचेतच राहिलंय की खोक्यात टाकलंय ते सील करण्याआधी एकदा बघा, त्याचेच पैसे कापले जातात.